आर ४११८चा काशीवास

आईला काशी घडवायची होती म्हणून १९७९च्या हिवाळ्यात मी दहा दिवसांची रजा टाकली. तेव्हा मी हवाई दलात कॉर्पोरल होतो, ट्रेड एअरफ्रेम फिटर, नेमणूक उत्तर प्रदेशातल्या एका तळावर. आई गावाकडच्या दोन बायकांच्या सोबतीनं आली होती. दुर्गाघाटाजवळ एका मराठी गुरुजींच्या घरी आम्ही उतरलो. गंगास्नान झालं, विश्वेश्वर झाला, कालभैरव झाला. वडिलांचं करायचं राहिलं होतं, तेही तिनं मनासारखं करून घेतलं. तिसऱ्या दिवशी हिंदू विश्वविद्यालयातलं नवं विश्वनाथ मंदिर बघायचं ठरलं. दर्शन झाल्यावर बायका झाडाखाली टेकल्या आणि मी पाय मोकळे करायला इंजिनीअरिंगच्या इमारतींकडे निघालो.

तिथल्या एका मोकळ्या आवारात, गवतात, विमानाचा सांगाडा उभा होता.

मी लांबूनच थबकलो. पाठीमागच्या धडावरचं कापड गेलेलं, लाकडी कड्या बऱ्याचशा गळून पडलेल्या, आतल्या पोलादी नळ्या उघड्या. कित्येक वर्षांचं ऊनपाणी खाल्लेलं दिसत होतं. पण आकार ओळखू आला. पाठीचा उंचवटा, जाड पंख, पुढच्या बाजूला इंजिनाची लांब जागा. हरिकेन. हे विमान मी त्याआधी फळ्यावरच पाहिलं होतं. तांबरमला आमच्या ट्रेनिंगमध्ये एक वयस्क इन्स्ट्रक्टर होते. ब्रह्मदेशच्या लढाईच्या काळात त्यांनी तरुणपणी हरिकेनवर काम केलेलं होतं. अभ्यासक्रमात हे विमान नव्हतं, तरी ते खडूनं त्याचा एक जोड काढून दाखवायचे. हॉकर कंपनीची पद्धत अशी, की गोल नळीचं टोक दाबून चौकोनी करायचं, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या लावायच्या आणि आरपार बोल्ट घालायचे. वेल्डिंग नाही. म्हणजे नळी वाकली, गोळीनं फुटली, तर उघड्या मैदानावरसुद्धा ती काढून दुसरी घालता येते. "ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं फिटरचा विचार केला होता," असं ते हिंदीत म्हणायचे आणि मग फळा पुसायचे.

तोच जोड माझ्यासमोर होता. मी हात लावला. गंजाची भुकटी बोटांना लागली. एका बोल्टच्या नटात, तो सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन अजून जागेवर होती, पण तिचा एक पाय सरळ होऊन बाहेर आला होता. सवयीनं मी अंगठ्यानं तो दाबून नटावर बसवला. विमानावर कुठं नंबर दिसतो का म्हणून फिरून पाहिलं, मला दिसला नाही. तिथल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "पढ़ाई वाला जहाज है, साहब, बहुत पुराना है."

तोवर आई शोधत आली.

"कुणाचं रे हे?"

"लढाईतलं आहे, आई. इंग्रजांचं."

"मग इथं कशाला आलंय?"

"पोरांना शिकवायला ठेवलं असेल."

तिनं पदर सावरून नळ्यांकडे नीट पाहिलं. "हाडं उघडी पडलीत बिचाऱ्याची," ती म्हणाली. "पण म्हातारपणी काशीत यायला भाग्य लागतं."

आम्ही परत निघालो. ते विमान कोणतं होतं, हे मला कळायला पंचवीसहून जास्त वर्षं लागली.

मधली वर्षं सगळी विमानांच्या खाली आणि कागदांच्या समोर गेली. विमानाचा इतिहास म्हणतो तो असतो कुठं आणि लिहितं कोण, हे त्या वर्षांशिवाय मला उमगलं नसतं, म्हणून थोडं त्याबद्दल सांगतो.

प्रत्येक विमानाला एक फॉर्म सातशे असतो. इंग्रजांच्या हवाई दलातून आपल्याकडे तो नंबरासकट आला. नाव फॉर्म, पण ते जाडजूड पुस्तक असतं. सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधीची सर्व्हिसिंग, दोन उड्डाणांच्या मधली टर्न राउंड, संध्याकाळची लास्ट फ्लाइट सर्व्हिसिंग, प्रत्येक वेळी एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, आर्ममेंट असे सगळे आपापल्या रकान्यात सह्या करतात. मग इन्चार्ज करतो. सगळ्यात शेवटी वैमानिक येतो, मागचे स्नॅग, म्हणजे नोंदलेले बिघाड, वाचतो आणि विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. त्या एका सहीनं विमान आमच्या हातातून त्याच्या हातात जातं. परत आला, की काय बिघडलं ते तो लिहितो आणि विमान पुन्हा आमचं होतं. दिवसभर हीच देवघेव.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी एका रात्री लास्ट फ्लाइट सर्व्हिसिंग उरकून मी सही केली आणि टूल काउंटला सहा इंची स्क्रूड्रायव्हर कमी भरला. बोर्डावर त्याच्या आकाराची रंगवलेली जागा रिकामी. हत्यार माझ्या नावावर होतं. बोर्ड बघायच्या आधी मी फॉर्मवर सही केली होती, हा त्याहून मोठा गुन्हा. आमचे वॉरंट ऑफिसर झोपेतून उठून आले. आवाज चढवला नाही. विमान थांबवलं, सीट काढायला लावली. टॉर्चच्या उजेडात आम्ही चौघांनी कॉकपिटचा तळ बोटांनी चाचपला. पहाटे सव्वातीनला स्क्रूड्रायव्हर सापडला, कंट्रोल रॉडच्या मागच्या खाचेत, उभा अडकलेला. विमान उलटं फिरलं असतं तर तो कुठं जाऊन रुतला असता, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. वॉरंट ऑफिसरांनी फॉर्म सातशे उघडला. माझ्या सहीच्या खाली वैमानिकाच्या सहीची चौकट अजून कोरी होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "यहाँ कौन साइन करेगा?"

सकाळी त्या चौकटीत ज्याची सही पडायची होती तो फ्लाइंग ऑफिसर चोवीस वर्षांचा होता. आठवड्यापूर्वीच त्याला मुलगी झाली होती आणि त्यानं फ्लाइटवर आम्हा सगळ्यांना पेढे वाटले होते. त्या रात्रीनंतर मी बोर्ड मोजल्याशिवाय कधीही पेन उघडलं नाही.

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर मुंबईत सांताक्रूझला एका नागरी कंपनीच्या टेक्निकल रेकॉर्ड्स विभागात लागलो. तिथं हाताला ग्रीस लागत नसे, पण काम तेच. कुठला भाग कधी बसला, किती तास उडाला, किती वेळा उतरला, कुणी तपासला. चकचकीत नवा भाग समोर ठेवला आणि त्याचा कागद नसला तर तो भंगार. वीस वर्षांचा जुना भाग असला आणि कागद पूर्ण असला तर तो विमानावर चढतो. नव्या मुलांना हे पटायला वेळ लागे. त्यांना मी सांगायचो, विमान हँगरमध्ये दिसतं खरं, पण ते उभं असतं या फायलींवर.

२००६ साली इंग्लंडमधल्या माझ्या भाचीनं एक पुस्तक पाठवलं. पीटर व्हॅकर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी एकाच विमानावर लिहिलेलं, हरिकेन आर ४११८वर. मामा विमानातले, म्हणून तिनं घेतलं होतं. पानं चाळताना बनारसचा फोटो आला आणि मी चष्मा काढून पुसला. गवत तेच, नळ्या त्याच.

व्हॅकर १९८२मध्ये भारतात जुन्या रोल्स-रॉइस मोटारी शोधत फिरत होते. कुणीतरी विश्वविद्यालयात जुनं विमान आहे म्हणून सांगितलं आणि ते बघायला गेले. माझ्यानंतर तीन वर्षांनी. फरक एवढाच, की मी घरी येऊन जेवलो आणि ते विमान त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढं वर्षानुवर्षं पत्रव्यवहार, परवानग्या, फेऱ्या करून २००१ साली त्यांनी ते विकत घेतलं आणि मायदेशी नेलं.

त्यांनी या विमानाचा माग काढला तो कागदांवरून. इंग्रजांच्या हवाई दलात प्रत्येक विमानाचं एक हालचालीचं कार्ड असे, फॉर्म ७८. कोणत्या तारखेला कोणत्या युनिटकडे गेलं, कधी दुरुस्तीला गेलं, कधी खात्यातून कमी झालं, एवढंच त्यावर. स्क्वाड्रनची रोजची नोंदवही वेगळी, वैमानिकांची लॉगबुकं वेगळी. तिन्ही जुळवली की एका नंबराचं आयुष्य उभं राहतं. मी ते पुस्तक लेखकाच्या भाषेसाठी वाचलंच नाही. रेकॉर्ड्सवाल्याच्या नजरेनं, एकेक तारीख तपासत वाचलं.

आर ४११८ हे ग्लॉस्टर कंपनीच्या ब्रॉकवर्थच्या कारखान्यात बनलं. १७ ऑगस्ट १९४०ला ते स्कॉटलंडमधल्या ड्रेम इथं ६०५ स्क्वाड्रनकडे कोरं करकरीत दाखल झालं. ब्रिटनवरची हवाई लढाई तेव्हा ऐन भरात होती. ७ सप्टेंबरला, ज्या दिवशी लंडनवरच्या बॉम्बवर्षावाला सुरुवात झाली त्याच दिवशी, हे स्क्वाड्रन लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला आलं. तिथून या एका विमानानं ४९ लढाऊ उड्डाणं केली आणि शत्रूची पाच विमानं पाडली. ऑक्टोबरमध्ये लढाईत मार खाऊन ते दुरुस्तीला गेलं. क्रॉयडनचा मुक्काम जेमतेम दीड महिन्याचा.

वाचणारा पाच आकड्यावर थांबतो. मी एकोणपन्नासवर थांबलो. दीड महिन्यात एकोणपन्नास, म्हणजे हवामान आणि दुरुस्तीचे दिवस वजा केले तर कित्येक दिवशी दोन-दोन, तीन-तीन उड्डाणं. प्रत्येक उड्डाणाच्या मागे एक टर्न राउंड. पेट्रोल भरायचं, तेल बघायचं, ऑक्सिजनची बाटली बदलायची, काच पुसायची. पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन, त्या आठही पुन्हा भरायच्या. इतक्या बंदुका, तरी सलग चालवल्या तर गोळ्या काही सेकंदांतच संपत. आणि हे सगळं करताना सायरन पुन्हा केव्हा वाजेल याचा नेम नाही.

बंदुकांच्या तोंडांवर कापडाचे छोटे तुकडे डोप नावाचं रोगण लावून चिकटवत असत, आत धूळ जाऊ नये, वर थंडीत बर्फ धरू नये म्हणून. बंदूक चालली की कापड फाटे. मग परतताना उघड्या भोकांवरून वारा जाई आणि पंखातून शीळ निघे. खाली मैदानावर उभे असलेले फिटर आणि आर्मरर आधी कान द्यायचे. शीळ ऐकू आली म्हणजे आपलं विमान लढून आलंय. मग ते नजरेनं पंख, शेपटी, कापड तपासत धावत यायचे आणि कॉकपिटमधल्या माणसाचा चेहरा बघायचे. आमच्या जेट विमानांना अशी शीळ नव्हती, पण ब्रेक पॅराशूट उघडलं की छातीत जे सैल होतं ते मला ठाऊक आहे. आपण सही केलेला माणूस परत आला.

गोळी कापडातून आरपार गेली तर हरिकेनला ती फारशी बाधत नसे. लिननचा तुकडा आणि डोप घेतला की भोक बुजलं. त्या डोपचा वास पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा उग्र असतो, डोकं धरतं. त्या उन्हाळ्यात हरिकेननी जेवढी शत्रूची विमानं पाडली तेवढी बाकी सगळ्यांनी मिळून पाडली नाहीत, आणि तरी नाव स्पिटफायर या दुसऱ्या लढाऊ विमानाचं झालं. स्पिटफायर देखणं होतंच. पण संध्याकाळी मोडून आलेलं विमान सकाळी पुन्हा उभं करायचं असेल तर मी हरिकेन मागून घेतलं असतं.

पुढचा भाग पुस्तकातही थोडक्यात आहे. १९४१च्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये १११ स्क्वाड्रन, त्यानंतर नवशिक्या वैमानिकांना तयार करणारी ५९ आणि ५६ नंबरची ट्रेनिंग युनिटं. नवी, जास्त ताकदीची विमानं आली होती. हे जुनं झालं होतं. डिसेंबर १९४३मध्ये सुटं करून, खोक्यांत भरून त्याला भारतात पाठवलं. उडण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी. त्याच सुमाराला आपल्या हवाई दलाची स्क्वाड्रनं हरिकेनवर आली होती. पुढच्याच वर्षी इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली एक नंबरचं स्क्वाड्रन हरिकेन घेऊनच लढलं. एवढ्या विमानांना फिटर हवेत, आणि फिटर तयार करायला उघडं करून दाखवता येईल असं विमान हवं. १९४७मध्ये खात्यातून कमी झाल्यावर ते बनारसच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी दिलं गेलं.

विमानाच्या दुनियेत हे पायरी उतरणं मानतात. 'इन्स्ट्रक्शनल' हा शिक्का बसला की त्याचा फॉर्म सातशे बंद होतो, त्यातले चांगले भाग हळूहळू दुसऱ्यांसाठी काढले जातात, कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. आमच्या हँगरच्या मागेही अशी दोन उभी असायची. पण मी तांबरमला पहिला बोल्ट अशाच एका विमानावर घट्ट केला होता. चुकीचा टॉर्क दिला, नट बसला वाकडा, इन्स्ट्रक्टरनी पुन्हा करायला लावला, पाच वेळा. त्या विमानावर चूक परवडत होती, म्हणून पुढं उडणाऱ्या विमानावर ती झाली नाही. माझ्या लेखी ती पूर्ण नोकरी आहे. ४९ उड्डाणांच्या रकान्याशेजारी ही वर्षंही धरायला हवीत.

शिवाय याच शिक्क्यानं त्याला वाचवलं. साडेचौदा हजारांच्या आसपास हरिकेन बनली. कित्येक लढाईत गेली, राहिली त्यांतली बरीचशी युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्येच भंगारात निघाली, कारण तिथं लोखंड आणि ॲल्युमिनियमला मागणी होती आणि डोळ्यांसमोर जेट आलं होतं. बनारसच्या आवारात मात्र ते कुणी हलवलं नाही, कुणी वितळवलं नाही. पन्नासहून जास्त पावसाळे खाल्ले, पण त्यातल्या भागांची अदलाबदल झाली नाही. १९४०चं विमान १९४०चंच राहिलं. आई भाग्य म्हणाली होती. तिला हे काही माहीत नव्हतं, तरी तिचा शब्द बरोबर होता.

सफोकमधल्या हॉकर रिस्टोरेशन्स या कंपनीनं ते पुन्हा उभं केलं. २३ डिसेंबर २००४ला आर ४११८ उडालं. अंगावर ६०५ स्क्वाड्रनची जुनी अक्षरं, यूपी-डब्ल्यू. १९४०मध्ये ज्यांनी ते चालवलं होतं त्यांच्यातले बॉब फॉस्टर तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आपल्या विमानाजवळ ते पुन्हा उभे राहू शकले. व्हॅकर यांचे यासाठी मी मनापासून आभार मानतो. मी फिटर असून ते विमान पाहून निघून आलो. त्यांनी आयुष्याची वीस वर्षं त्यात घातली.

माझ्या जुन्या सोबत्यांशी यावर वाद होतो. एक जण म्हणतो, कापड नवं, लाकूड नवं, बरेचसे बोल्ट नवे, मग ते तेच विमान कसं? मी त्याला काशीचंच उदाहरण देतो. आज आपण ज्या विश्वेश्वराला हात जोडतो ते देऊळ अहिल्याबाईंनी १७८०मध्ये बांधलेलं. दगड नवे होते. पण कुणी त्याला दुसरं देऊळ म्हणत नाही, कारण देव तोच आणि श्रद्धा अखंड. विमानाच्या बाबतीत ती अखंडता कागदाची. नंबर तोच, कार्ड तेच, प्रत्येक बदललेल्या भागाची नोंद आणि नोंदीखाली सही. सांताक्रूझला मी असाच नियम पाळला, आणि तो इंग्लंडमध्येही तसाच आहे.

त्या फॉर्म ७८वर मात्र एकाही फिटरचं नाव नाही. तो त्यासाठी नव्हताच. तिथं फक्त युनिट आणि तारीख. आमच्यासारख्यांच्या सह्या असतात फॉर्म सातशेत, आणि भरलेल्या फॉर्म सातशेची पानं काही काळ सांभाळून नष्ट केली जातात. मीही अशी पोतीच्या पोती जाळायला दिलेली आहेत, नियमाप्रमाणे, मोजून.

पुस्तकातला बनारसचा तो फोटो मी भिंगाखाली धरून बघतो. मी हात लावलेला जोड कॉकपिटच्या मागचा, डाव्या अंगाचा, खालून दुसरा. फोटोत तिथं गवत आलंय. विमान पुन्हा उडवायचं म्हणजे प्रत्येक जोड सोडवावा लागतो, नळी तपासावी लागते, बोल्ट नवा घालावा लागतो आणि नटात नवी पिन. काढलेली स्प्लिट पिन परत वापरायची नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी अंगठ्यानं बसवलेली ती पिन सफोकच्या कुठल्यातरी डब्यात पडून भंगारात गेली असणार. जायलाच हवी होती.